कलम चौदा

टोलेडोत, मॉमी नदीच्या अलीकडे,
गोदामाच्या मागच्या खोलीत मी करार वाचते.
चव्वेचाळीस पानं. हीटर अधूनमधून खोकतो.
बाहेर लेनर्ड कोवाल्चिक ड्रायवॉलचे तक्ते
ट्रकवर चढवतोय, तोंडानं आकडे मोजत.
शेवटच्या पानावर सही करून बसलाय आधीच,
मधली पानं माझ्यावर सोडून :
‘वाच तू. तुला सवय आहे.’

कलम चौदा, पोटकलम ब :
मालकानं आम्हांला पैसे दिले, तर
आम्ही तुम्हांला देऊ.

इंग्रजीत याच्या अकरा ओळी होतात.
माझ्या भाषेत सगळं ओझं दोन अक्षरांवर.
संकेतार्थी वाक्य, परचुरे बाई सांगायच्या मिरजेला,
आणि खडू ठेवता ठेवता : जर-तरनं पोट भरत नाही गं.

कलम नऊमध्येही तर आहेत, पुष्कळ.
उशीर झाला तर दंड आमचा,
तडा गेला तर भिंत आमची,
त्यांच्यावर दावा लागला तर वकील आमचा.
हे सगळे तर आमच्याच अंगणात उघडतात.

मागच्या हिवाळ्यात हॉस्पिटलची उत्तर बाजू.
पेशंट आले, खाटा लागल्या, भिंतींवर घड्याळं टांगली,
पैसे सातव्या महिन्यात. तेही,
‘सर्व रक्कम मिळाली’ असं आधी लिहून दिल्यावर.
तोवर दर शुक्रवारी टेरेलला, ऑर्टेगा भावांना
लेनर्डनं पगार दिला. त्यात तर नव्हता.
एप्रिलमध्ये त्याची बोट दारातून गेली.
त्यानं सांगितलं नाही. मी हिशेबात वाचलं.

आज मी लाल पेन घेतलं.
‘तर’ खोडून वर लिहिलं, ‘तेव्हा’.
देतील तेव्हा द्या. पण द्याच.
स्कॅन करून पाठवलं कोलंबसला.

पाऊण तासात उत्तर, एका ओळीचं.
बदल मान्य नाही. दुसरी पार्टी तयार आहे.

लेनर्ड आत आला, भुवयांवर पांढरी भुकटी.
‘किती वाईट आहे?’
‘गेल्या वेळेइतकंच.’
‘मग ठीक.’
‘ठीक नाही, लेन.’
तो टोपी झटकतो. ‘सोमवारी सहाला
चार माणसं येतील दारात. त्यांना काय सांगू?’

मी माझ्या लाल रेघेशेजारी
त्याची आद्याक्षरं घालून घेते. एल. के.
पेन त्याच्या बोटांना बारीक पडतं.
थोड्या वेळानं ट्रक सुरू होतो,
पहिल्या झटक्यात नाही.