चोवीस त्रिकोण

रविवारी रात्री सीरिअलची रिकामी खोकी कापत बसले.
पुठ्ठा हवा होता, आणि यंदा शाळेकडे पुठ्ठ्यालाही पैसे नाहीत.
चोवीस त्रिकोण, असे सहा संच.
एका कडेवर वर्गसमीकरण, शेजारच्या कडेवर त्याची मुळं,
कड कडेला भिडत गेली की शेवटी षटकोन.
अंगठ्याला कात्रीचा वळ.
बाहेर उणे एकवीस.
मिनेसोटाच्या या टोकाला ऋण संख्या शिकवाव्या लागत नाहीत,
पोरं त्या खिडकीबाहेरच्या तापमापकावर वाचत मोठी होतात.

सोमवार, तिसरा तास.
'उजळणी' म्हटलं असतं तर माना पडल्या असत्या.
'कोडं' म्हटलं, आणि बाकं ओढल्याचा आवाज झाला.

कर्स्टी आणि दांते हमरीतुमरीवर:
चार आणि उणे तीन, की उणे चार आणि तीन?
गुणाकार दोन्हीकडे उणे बाराच,
मग बेरजेला विचार ना, गाढवा!

टीगन मात्र शांत. संशय येण्याइतका शांत.
जाऊन पाहते तर त्याने सगळे तुकडे पालथे घातलेले,
आणि खोक्यावरची मधमाशी जोडत बसलेला,
पंखाला पंख, मिशीला मिशी.
माझाच आळस. सुटलेलं कोडं चिकटवून तसंच कापलं होतं.
म्हटलं, "शाबास. पण शुक्रवारच्या पेपराला
पाठीमागे मधमाशी नसणार."

अकरा वाजेपर्यंत पाच टेबलांवर पाच षटकोन.
शेवटचा तुकडा उरलेल्या भोकात आपसूक बसतो,
त्याला कोण विचारतंय, तू इथलाच का म्हणून?

सहाव्या टेबलावर भोक तसंच होतं.
एमेट साव्होला. टोपी भुवयांपर्यंत.
हा मुलगा उत्तर लिहिण्याआधीच खोडायला घेतो.
खाण मार्चपासून बंद आहे, बाप घरी असतो,
एवढंच मला ठाऊक, आणि तेही दुसऱ्यांकडून.
वहीवर एकच ओळ तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेली:
क्ष वर्ग, अधिक दोन क्ष, उणे पंधरा.
कागद तिथे पातळ झाला होता.

मी विचारलं, "कुठे अडलं?"
तो बराच वेळ तुकड्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, तुकड्यालाच म्हणाल्यासारखं,
"मिस पेल्टोला, माझं बरोबर आहे. पुठ्ठा चुकलाय."

फळ्यावर गेले. पुठ्ठा म्हणतो, पाच.
पाच ठेवून पाहिले:
पंचवीस, अधिक दहा, उणे पंधरा.
वीस.
शून्य यायला हवं होतं.
वर्गात रेडिएटर तेवढा खडखडत होता.
उणे पाच आणि तीन. चिन्हं माझ्या हातून उलटी पडली,
रविवारी रात्री, बहुधा चौथ्या खोक्याच्या सुमारास,
आणि पाच टेबलांनी ती गोड मानून घेतली.

लाल पेन त्याच्या हाती दिलं.
तो टेबलाटेबलाशी थांबला.
पहिल्या उणेची रेघ इतकी बारीक, की दिसेना.
पाचवी अख्ख्या वर्गाला दिसली असती.
टीगनने आपला तुकडा मुकाट्याने सरळ करून पुढे केला.

घंटा झाली. डबे, बूट, धक्काबुक्की.
मी तुकडे मोजून रबरात बांधले:
एकशे त्रेचाळीस.
पुन्हा मोजले. एकशे त्रेचाळीसच.
कमी कुठला ते संच लावून पाहिलं तर कळलं असतं.
नाही पाहिलं.
दारातून जाताना एमेटचा एक हात कोटाच्या खिशात होता,
थंडीच तशी आहे.

एक त्रिकोण नव्याने कापावा लागेल.
घरचं सीरिअल अजून अर्धं शिल्लक आहे,
उद्या दोन वाट्या खाईन.