ओल्या उतारावर

तुझ्यासाठी झाड निवडायचंय, टेगिड,
आणि जागा तूच देऊन गेलास:
ओढ्यावरचा तो उत्तरेचा उतार,
जिथं मेंढ्यासुद्धा पाय टाकायला का-कू करतात.
घेतलास तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते.
"स्वस्तात मिळाला," म्हणालास.
स्वस्तातच मिळणार होता.

नोव्हेंबर ते एप्रिल नुसता चिखल,
निळसर, चिकट, बूट ओढून ठेवणारा.
वर जुन्या ओकांची गच्च सावली,
मधे मेलेले ॲश, उभ्याउभ्या वाळलेले,
पाडायचे म्हणून तू निळ्या खडूनं खुणा केलेले.
खुणा अजून आहेत.
पावसानं त्याही पुसल्या नाहीत,
आणि इथं तर पाऊस काही शिल्लक ठेवत नाही.

मेरेरिडला चेरी हवी,
गुलाबी, तुझ्या वाढदिवसाच्या सुमारास फुलणारी.
तिनं फोटो पाठवला:
कापलेलं गवत, एक बाक, वर भरपूर आभाळ.
मी उत्तरादाखल माझ्या बुटांचा पाठवला.

तुझ्या भावाचं म्हणणं, ओकच.
माणूस गेला की ओक;
दुसरं काही लावणं म्हणजे कंजुषी.
ओकाच्या सावलीत ओक धरत नाही
हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू,
साठ वर्षं ज्यानं तुझ्या सावलीत काढली?

लँपीटरच्या रोपवाटिकेतला ग्रिफ वहीत लिहीत गेला.
पाणी साचतं? साचतं.
ऊन? जूनमधे, चहा होईस्तोवर.
हरणं? दोन. यंदा पाडसही.
खारी? करड्या, निर्लज्ज.
त्यानं पेन्सिल कानावर खोचली.
बीचची मुळं कुजतील, वर साल खारी सोलतील.
भूर्ज उन्हाचं लेकरू.
रोवन तगेल, पण हरणांची न्याहारी तिथूनच सुरू होते.
मग जरा थांबून,
घरातल्या अबोल मुलीचं स्थळ सुचवावं तसं म्हणाला,
"आल्डर?"

मी हसलेच.
आल्डर कुणी आठवण म्हणून लावतं का?
ओढ्याकाठी आपला आपण येतो, विचारत नाही.
कुंपणाला त्याचे खुंट ठोकलेस,
दोन वर्षांत कुजले, आणि तू त्याला घातलेल्या शिव्या
मी चर्चच्या बायकांपासून लपवल्या.
पण ग्रिफ म्हणाला, पाण्याखाली तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.
मुळांना गाठी असतात,
हवेतून खत ओढून स्वतःच स्वतःला पोसतो,
कुणाकडून काही घेत नाही.
(हे तुला लागू नाही.
शेजारच्या इओलोचे तीन पाने अजून आपल्या शेडमधे आहेत.)

आणि मग आठवलं:
फेब्रुवारीत तुला नेलं, तेव्हा पुलावर गाडी हळू झाली,
पान नव्हतं कुठेच,
नुसते आल्डरचे जांभळट तुरे पाण्यावर लोंबत होते.
तुझ्याकडे बघायचं सोडून मी ते बघितले.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अट एकच, ग्रिफ म्हणाला: त्याला उजेड लागतो.
म्हणजे आधी तुझे ॲश पाडायला हवेत,
आठ महिने मी ज्यांना हात लावू दिला नाही.
सोमवारी करवतवाला येतोय.
निळ्या खुणांपाशीच कापा, म्हणून सांगितलंय.

रोपं तीन घेतली. "एक जगेल," म्हणाला,
कोणतं ते मी विचारलं नाही.
पाटी लावणार नाही.
त्या चिखलात वाचायला येणार कोण?

मेरेरिड ऐकून रडली, फोन ठेवून दिला.
तासाभरानं पुन्हा वाजला:
"आई, तिकडे यायचं तर
कसले बूट लागतात?"