जबाब

सोनवणे जमादार विचारतात, वार कशाने?
सलाईनच्या स्टँडने.
लिहा, लोखंडी, चाकांचा. एक चाक आधीपासून मोडकं होतं,
ते त्याने मोडलं असं लिहू नका.

नाव विमल लोटन कोळी. अधिपरिचारिका. वय एकेचाळीस.
मार उजव्या मनगटावर, आणि कानामागे तीन टाके.
बेबाबाईने डोकं धरलं, टाके घालताना डॉक्टरचे हात कापत होते.
डॉक्टर म्हणजे पोरगाच, बंधपत्राचं वर्ष,
दंगा निवेपर्यंत आम्हीच त्याला एक्स-रेच्या खोलीत
बाहेरून कुलूप लावून ठेवला होता.

आरोपीला ओळखता?

आता काय सांगू.
भादव्यातली रात्र. अडीचला मोटारसायकलवर तिघं आले,
मधल्याची मान पडलेली.
खाली गोधडीवर निजला होता. मण्यार.
आधी भगताकडे नेला, मग आमच्याकडे.
दहा कुप्या लस गेली.
पापण्या उचलेनात, मग छाती उचलेना.
जळगावला नेणारी गाडी बाळंतीण घेऊन गेलेली,
आणि श्वासाचं मशीन म्हणाल तर आमच्याकडे
हा रबरी फुगा, आणि ज्याचा असेल त्याचा हात.

आधी माझा. बोटं वळेनात
तेव्हा त्याच्या भावाला पुढे ओढलं. भावलाल.
पंजावर पंजा ठेवून शिकवलं:
एवढंच दाब. आते सोड. एक, दोन, तीन. आते दाब.
केळीचे घड वाहणारा हात, चिकाने काळा पडलेला,
पण निजलेल्या लेकराला थोपटावं
तसा दाबत होता.
"मन्हा भाऊले वाचाड वं माय."
मी म्हटलं, तूच वाचाडी ऱ्हायना. दाब.

हे मी बोलायला नको होतं.

दोन तास. लाईट गेली, मोबाईलच्या उजेडात.
थांबला एकदाच,
हिलालचा बनियन वर सरकला होता, तो ओढून पोट झाकलं.
जमादार, तेवढं लिहा.
ते म्हणतात, बाई, हे कलमात बसत नाही.

सव्वापाचला नाडी गेली.
थांब म्हटलं, थांबेना.
एकेक बोट मीच फुग्यावरून सोडवलं.
रिकाम्या हाताला मग काहीतरी धरायला हवं होतं.
स्टँड जवळ होता. मीही.
"तूच मारं मन्हा भाऊले," असं ओरडत होता,
आणि रात्रभर ज्या तोंडाने माय म्हटलं
त्याच तोंडाने मायवरून शिवी.
दोघांपैकी कुणाच्या तरी हातून गेला असणार ना हिलाल.
त्याने माझा हात निवडला.

माफ केलं असंही लिहू नका.
फाटक वाजलं की अजून पोटात गोळा येतो.
पोरगी म्हणते, आई, बदली घे, नाहीतर सोडूनच दे.
मनगट दुखतंय. राग आहे. तो लिहा, ठळक लिहा.

आणि ओळखण्याचं म्हणाल
तर अंधारात तोंड नीट पाहिलं नाही.
उद्या दहाजण उभे केलेत तर प्रत्येकाला म्हणेन,
हात दे इकडे.

सही डाव्या हाताने केली. वाकडी आली.
चालेल, म्हणाले.

बाहेर बेबाबाईने फुगा धुऊन
खिडकीच्या गजाला उलटा टांगलाय.
एकच आहे.
रात्रपाळीच्या आत वाळायला हवा.