माल : इतर

आमच्या काट्यावर गहू येतो, जव येतो,
सूर्यफुलाचं बी, ऑक्टोबरात सोयाबीन.
ट्रक भरून चढतो, रिकामा होऊन परत चढतो,
वजाबाकी करायची, पावती फाडायची.
चोवीस वर्षं मी एवढंच करतो.
नॉर्थ डकोटात आकाश फार, माणसं कमी,
कोण येतंय ते मैलभर आधी धुळीवरून कळतं.

त्या दिवशी धूळ बारीक होती.
सोल्व्हेग ब्राटलीची निळी व्हॅन.
दोन ट्रकांच्या मधल्या फटीत तिनं रॅम्प खाली सोडला,
विजेची खुर्ची काट्याच्या मधोमध आणून थांबवली
आणि म्हणाली, "कर वजन."

मला वाटलं चेष्टा.
मागच्या ट्रकमधून ड्वेननं हॉर्न देऊन हसून घेतलं.
ती हसली नाही.

दवाखान्याच्या काट्याला पायरी आहे, म्हणाली. चार इंचांची.
तेहतीस वर्षांत मला कुणी तोललेलं नाही.
"साधारण किती असेल?" विचारतात
आणि लिहिताना 'साधारण' गाळतात.
त्या आकड्यावर भूल देतात. गेल्या खेपेला
मंगळवारी झोपवलं, जाग गुरुवारी आली.
आता गाठ निघालीय. औषध वजनाच्या हिशेबानं द्यायचंय.
ट्रूडी नर्स, बिचारी, कानाशी येऊन म्हणाली,
धान्याच्या काट्यावर बघता का जाऊन?

मी खरं ते सांगितलं :
हा काटा वीस पौंडांच्या खालचं काही जाणत नाही.
वीस, चाळीस, साठ, अशा उड्या मारतो.
तान्हं मूल ठेवलं तर शून्य दाखवेल.
"त्यांच्यापेक्षा बराच जवळ आलास," ती म्हणाली.

खुर्चीसकट पाचशे ऐंशी.
आता नुसती खुर्ची. म्हणजे तिला उतरवणं आलं.
ड्वेन ट्रकमधून उतरला, हात पँटला पुसले,
आणि आधी विचारलं, कुठून धरू?
"हे विचारणारा यंदाचा तू पहिला."
तिला बाकावर बसवलं. रिकामी खुर्ची चारशे वीस.
एकशे साठ.
एकशे चाळीसही असेल. एकशे ऐंशीही.

पावतीआधी यंत्र विचारतं : माल कोणता?
गहू. जव. मका. सूर्यफूल. इतर.
माझं बोट तिथंच अडकलं.
ती मागून पडद्याकडे बघत होती.
"इतर दाब. त्याची मला सवय आहे.
आणि सही ठसठशीत कर. हा पुरावा आहे."

मग तिनं कायदा सांगितला, एकोणीसशे नव्वदचा.
सांगत होती एखाद्या जुन्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं,
ज्यानं काहीतरी कबूल केलंय
आणि जो समोर दिसला की नजर चुकवतो.
दवाखान्यानं मला तपासायचं ते बाकीच्यांइतकंच.
बाकीच्यांइतकंच, बस.
दया हा शब्द त्यात कुठे नाही. मी शोधलाय.

मी जन्मभर वजनं केली,
पण शब्दाला वजन कशानं येतं, ते माझ्या धंद्यात येत नाही.
नुसतं लिहून ठेवल्यानं येत नाही, एवढं त्या दुपारी दिसलं.
चिखलात रुतलेल्या ट्रकसारखं आहे ते.
मागून कुणीतरी खांदा लावावा लागतो,
आणि बहुतेक वेळा तो
ज्याचा दुखतोय त्याचाच असतो.

तक्रारीला चौदा महिने लागले.
त्यातले सहा ती ऐंशी मैलांवर जाऊन येत होती,
जिथं काटा फरशीत बसवलेला आहे त्या इस्पितळात.
केस गेले, परत आले, पांढरे आले.
मग एकदाचा आमच्या दवाखान्यातही बसला.
मी मुद्दाम पाहून आलो, धंद्याची खोड.
पायरी नाही. दशांशापर्यंत दाखवतो.
ट्रकच्या चार टायरांच्या किमतीचा असेल, जास्त नाही.

सोल्व्हेग भेटली तेव्हा विचारलं,
मग, नक्की किती भरलं?
"बाईला वजन विचारू नये," ती म्हणाली.
"तपासायचं टेबल अजून तेवढंच उंच आहे.
कालच पत्र टाकलंय."

व्हॅन वळली.
बारीक धूळ, मैलभर.