पाचवा गडी

डब्यात मुळात चौघंच होते:
कुऱ्हाडवाला बुटका, खिसेकापू पोरगी,
मंत्र विसरणारा म्हातारा जादूगार,
आणि एक पुजारीण, जिला कुणीच भीत नाही.
मोहीम संपलेली, राक्षस मेलेला,
आता सराईत बसून प्यायचं फक्त,
एकमेकांच्या पेल्यात ओतायचं.
ताकदीचा मणी वरून खाली येतो,
नशेचा खालून वर.
दोघे भेटले की माणूस आडवा.
शेवटी जो बसलेला उरेल, तो जिंकला.

तीन उन्हाळे खेळलो आम्ही हे
गोकुळपेठेत, पौर्णिमाच्या मागच्या खोलीत.
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास,
पत्ते दमट, पेले खरे.

मग रोशन पराते दवाखान्यातून परतला
अकरा किलो कमी होऊन.
"येईन बे मी खेळाले," म्हणाला,
"पण तो बुटका नको आता.
त्याच्या पत्त्यावरचा फेस पाहिला
तरी हात थरथरते माह्या."

बुटका शेफालीकडे गेला.
रोशनसाठी नवा गडी करायचा ठरला.

मी इतवारीत, लग्नपत्रिकांच्या छापखान्यात.
एका मोडलेल्या लग्नाचा कागद पडून होता,
जाड, मोतिया, कडेला सोनेरी वेल.
दुपारच्या सुट्टीत चाळीस पत्ते कापले,
कोपरे नेलकटरने गोल केले.
शेफालीनं चित्र काढलं:
सराईच्या दारात एक लांबोडका माणूस,
हातात कंदील, कमरेला किल्ल्या.
नाव पडलं कंदिल्या.

पत्ते भराभर सुचले.
'माझ्यासाठी मठ्ठा.'
'हा पेला कुंडीत.'
'ही गोष्ट तू मागच्या खेपेलाही सांगितलीस.'
'उद्या तुला आठवणार नाही. मला आठवेल.'

अडलं एकाच ठिकाणी:
हा हरायचा कसा?
न पिणाऱ्याचा मणी हलतच नाही.
पहिले पाच डाव तोच जिंकला
आणि पौर्णिमा पत्ते टाकून उठली.
"त्याले झोप येऊ दे," शब्बीर म्हणाला.
"कंटाळा येऊ दे."
"घरून फोन येऊ दे."

रोशन पोहे चिवडत होता, तर्रीशिवाय.
डॉक्टरनं तेही तोडलेलं.
वर न पाहता बोलला,
"लिहा. टेबलावरचा एक आडवा झाला
की याची ताकद तीननं कमी.
उचलून न्या लागते नं.
पौर्णिमा तर घरीच आहे.
बाकी एक हुडकेश्वर, एक जरीपटका,
एक टेका नाका,
अन् गाडी एकच."

लगेच कुणी हसलं नाही.
मी नियम लिहिला, पेन्सिलनं,
खोडता यावा म्हणून.

तेव्हापासून डाव लांबतात.
जिंकायचं तर त्याला कुणालाच पडू देऊन चालत नाही,
आणि कुणी पडलं नाही तर डाव संपत नाही.
माझ्या जादूगाराचा मणी काठावर आला
की रोशन गुपचूप मठ्ठा सरकवतो.
शब्बीर ओरडतो, "हे नियमात नाही!"
आहे. चौदावा पत्ता.

एका पत्त्यावर कापताना
छापील ओळ राहून गेली होती,
'आपली उपस्थिती हाच आहेर'.
तिला काही ताकद द्यायची राहूनच गेली.
तो पत्ता आला की रोशन हातातच ठेवतो,
टाकत नाही.
दीड वाजता कूलरमधलं पाणी संपतं,
डाव अर्धाच असतो,
आणि तो किल्ली घेऊन खाली जातो.