टाळूतले पऱ्हे

दात लांब झाले, असं मी म्हणत होते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात आहेत तेवढेच आहेत,
फुलवंताबाई, हिरडी खाली गेली.

साकोलीला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर
त्यांचा दवाखाना.
जिन्यात ग्रीसचा वास, वर लवंगेचा.
हातात आरसा दिला त्यांनी.
खालचे दोन दात
तलाव आटल्यावर बाभळीचे खुंट दिसतात तसे,
पिवळट, मुळापर्यंत उघडे.

"गुडाखू किती वर्षं?"
मी मोजले नाहीत.
बाराव्या वर्षी मावशीनं बोटाला लावून दिला होता,
दाढ ठणकत होती म्हणून.
दाढ गेली.
बोट राहिलं.

जाऊ म्हणाली, दाताले एवढे पैसे?
उपटून टाक न, कवळी बसव.
मी काही बोलले नाही.
तीन महिन्यांचं मानधन आणि लागलेली भिशी
रुमालात बांधून बसनं गेले.

आधी दंडातून रक्त काढलं, दोन नळ्या.
यंत्रात घालून फिरवलं, बारा मिनिटं,
घड्याळ माझ्या समोरच होतं.
खाली लाल बसलं, वर पाणी,
मधे एक पिवळा गोळा,
चिकाच्या वडीसारखा थरथरणारा.
स्टीलच्या डबीत दाबून त्याचा पापुद्रा केला
कांद्याच्या आतल्या सालीएवढा.
"हे तुमचंच आहे," बाई म्हणाल्या,
"दुकानात मिळत नाही. यानं जखम लवकर धरते."

मग सुई. मग ओठ कुणा दुसऱ्याचा झाला.
वरच्या टाळूतून नखाएवढा तुकडा घेणार,
खालच्या हिरडीत सरकवणार,
वर पापुद्रा, वर टाके.
मी बोबडं विचारलं, म्हणजे रोवणा?
पऱ्ह्यातून उपटायचं न् बांधीत लावायचं?
त्यांचा मास्क हलला, हसल्या असाव्यात.
"रोवणाच. फक्त गाणी म्हणायची नाहीत.
तोंड उघडं ठेवा, जीभ मागं."

जीभ मागं ठेवणं
जन्मात पहिल्यांदा जमवलं मी.

दहा दिवस पेज, गार करून.
ब्रश नाही, बोट तर नाहीच.
टाळू पोळल्यासारखी. जिथून घेतलं ते जास्त दुखत होतं,
जिथं लावलं ते गप्प.
अंगणवाडीत पोरांना हातानं खुणा करायची,
बसा, उठा, ताटं धुवा.
चौथ्या दिवशी पोरंही खुणाच करू लागली,
खिचडी हवी तर पोटावर दोन टपल्या.
निकेश जवळ आला, ओठाखाली वाकून बघितलं.
"बाई, तोंडात निळा दोरा काऊन आहे?"
शिवलं, मी म्हटलं.
"फाटलं होतं?"
हसू आलं ते नाकातून सोडलं,
टाके ताणले असते.

टाके काढले तेव्हा मी मागितले, बघायला.
कागदावर ठेवून दाखवले बाईंनी,
मेलेल्या मुंग्यांएवढे,
आणि टोपलीत टाकून दिले.

सहा महिन्यांनी बारीक सळईनं मोजलं.
एक दात पुरता झाकला.
दुसरा अर्धा.
"तिथलं हाडच गेलंय," त्या म्हणाल्या,
"हाडापुढं माझं फार चालत नाही.
आणि गुडाखू परत लावलात
तर हेही जाईल."
आवाज चढवला नाही त्यांनी.
मला तो चढलेला चालला असता.

डबी फळीवर आहे, रिकामी.
झाकण उघडलं की वास अजून येतो,
म्हणून उघडत नाही.
म्हणजे कधी कधी उघडते.

सकाळी बोरिंगचं पाणी तोंडात घेते.
एक दात गप्प.
दुसरा मस्तकापर्यंत कळ नेतो, मावशीच्या दारातली.
बोट आपोआप वर येतं.
मी बघते त्याच्याकडं,
नखाशी काळी रेघ आहे, जात नाही.
मग बादलीत बुडवते त्याला
आणि पोरांची ताटं घासायला घेते.