तिसरा मजला

सर्व्हर कुठल्याशा थंड देशात आहेत,
त्यांच्यावरच्या तक्रारी मात्र जळगावात येतात,
अजिंठा चौफुलीपलीकडे, टायरच्या दुकानावर,
जिथं कूलरमध्ये पाणी ज्याचं त्यानं ओतायचं.
सव्वादोनला एक आली.
कॉपीराइटचा भंग. तातडीचं. शपथेवर.

मजकूर फिरके म्हणून कुणाचा, सावद्याचे,
अठ्ठावीस वर्षं तोलार.
आता घरी बसून रोज लिहितात
कुठल्या काट्यावर केळीची गाडी
किती किलोंनी हलकी झाली.
एवढंच. तारीख, काटा, फरक.
कधीमधी खाली एखादी ओळ:
"परवाच्या वादळात निंभोऱ्याकडची बाग आडवी.
काटा मात्र उभाच."

तक्रारदार म्हणतो, हे सगळं माझं.
पुराव्याची लिंक उघडली.
शब्दाला शब्द फिरक्यांचाच.
ते "किंटल" लिहितात, इथंही किंटल.
वर तारीख तीन वर्षांपूर्वीची
आणि आत परवाचं वादळ.

माझ्या पडद्यावर दोनच चौकोन:
योग्य. अपूर्ण.
खोटं म्हणायला जागा ठेवलेली नाही.
तडवी साहेबांना विचारलं,
रुबाब तडवी, यावलचे, चौदा वर्षं रात्रपाळी.
डब्याचं झाकण काढता काढता म्हणाले,
आपण न्यायाधीश नाही, बाबू. आपण रेल्वेचं फाटक.
नोटीस आली की खाली.
खरी असून नाही पाडलं तर कंपनी अडकते.
खोटी असून पाडलं
तर कुणाचंच काही अडकत नाही.
मग भाकरी मोडत:
फिरक्याचं सोडून.

मी "योग्य" दाबलं.
दोन वाजून एकेचाळीस मिनिटं.

फिरक्यांना पाठवायचा मसुदा तयारच असतो.
आपण हरकत घेऊ शकता.
पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि सही द्यावी,
ती आम्ही तक्रारदाराला कळवू.
त्यानंतर चौदा दिवस थांबावं.
चौदा दिवसांत त्या काट्यावरून किती गाड्या जातात
हे सांगणारा माणूस एकच होता,
त्यालाच थांबायला सांगत होतो.

सकाळी सुटल्यावर गाडी घराकडे वळेना.
तक्रारदाराचा पत्ता नव्या पेठेतला,
तिसरा मजला.
इमारत सापडली. दुमजली.
खाली झाडू-खराटे, वर टायपिंगचा क्लास,
त्यावर पत्रे, पाण्याची टाकी, उन्हात टाकलेली गादी.
झाडूवाल्याला विचारलं, तिसरा मजला?
त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे:
"बांधायचा हाय का?"

रात्री फिरक्यांचं उत्तर येऊन पडलेलं.
"जे लिव्हलं ते माह्या डोयानं पाह्यलं.
पत्ता देतो, पन त्यायले तो माहीत हाये.
काल सांजी दारावरून दोन फटफट्या
तीनदा गेल्या."
सोबत सहीचा फोटो.
काटापावतीच्या पाठीवर केलेली सही,
शाई पलीकडून उमटलेली,
उलट्या आकड्यांत वाचता येत होतं:
भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.

हे मी पुढं पाठवायचं होतं.
घर नंबर, गल्ली, सगळं,
नसलेल्या मजल्यावरच्या माणसाला.

तक्रार पुन्हा उघडली.
अपूर्ण.
कारणासाठी साठ अक्षरांची पट्टी असते,
तिथं लिहिलं:
दिलेल्या पत्त्यावर तिसरा मजला नाही. स्वतः पाहिलं.
"स्वतः पाहिलं" खोडायला हवं होतं,
आम्ही पाहायचं नसतं.
राहू दिलं.

पान परत यायला चोवीस तास लागतात,
कधी वरचे लोक अडवतात, कधी येतच नाही.
तडवी साहेब मागं उभे राहून वाचत होते.
बोलले काहीच नाहीत.
बादली उचलली,
माझ्या कूलरमध्ये ओतली.